परदेशात थिऑलॉजी शिकायला जाताय? अर्ज, व्हिसा आणि पहिलं वर्ष

शाईचा डाग (धागाकर्ता)

थिऑलॉजीत पुढचं शिक्षण घ्यायला बाहेर जाऊ पाहणाऱ्यांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) वरचेवर येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "स्कॉलरशिप कुठे मिळेल?" माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की तुम्हाला पाळक व्हायचंय, शिकवायचंय, की धर्म हा विषय म्हणून अभ्यासायचाय? कारण पदवी कुठली, निबंधात काय लिहायचं, शिफारसपत्रं कोणाकडून घ्यायची, व्हिसावर काय काम करता येईल, हे सगळं या एका उत्तरावर लटकलेलं आहे. ते ठरवलेलं नसेल तर वीस ठिकाणी अर्ज करूनही हाती काही लागत नाही.

मी अमेरिकेत शिकलो, त्यामुळे तिकडचं जास्त लिहितोय. बाकी देशांचं जाणकारांनी भर घालावी.

तिकडे एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) ही सेवेची, म्हणजे पाळक होण्यासाठीची पदवी. पूर्णवेळ केली तर साधारण ३ वर्षं. अमेरिका-कॅनडातल्या सेमिनऱ्यांना (पाळक घडवणाऱ्या शाळांना) मान्यता देणारी संस्था म्हणजे असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स, थोडक्यात एटीएस. ती या पदवीला किमान ७२ सेमिस्टर क्रेडिट मागते, बऱ्याच शाळा त्याहून जास्त घेतात. जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, उपदेश, समुपदेशन आणि वर प्रत्यक्ष सेवेचे तास. एम.टी.एस. (मास्टर ऑफ थिऑलॉजिकल स्टडीज) किंवा एम.ए. साधारण २ वर्षांचं, अभ्यासाकडे झुकलेलं, पुढे पीएचडी करायची तर सोयीचं. टीएच.एम. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) वर्षभराचं, पण ते एम.डिव्ह. किंवा तत्सम पदवीनंतरच. तुमची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) 'तत्सम' धरायची की नाही, हे ती ती शाळा ठरवते. अर्जाची फी भरायच्या आधी ॲडमिशनवाल्यांना ईमेल टाकून विचारा, उत्तर देतात.

मग शाळा कसली आहे ते बघा. प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरी ही प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीचा विभाग नाही. १८१२ साली प्रेस्बिटेरियन मंडळीने काढलेली ती स्वतंत्र संस्था आहे. हार्वर्ड डिव्हिनिटी स्कूल (१८१६) मात्र विद्यापीठाचाच भाग आणि कुठल्याच पंथाचं नाही. कॅलिफोर्नियातली फुलर ही इव्हँजेलिकल, पण अनेक पंथांच्या विद्यार्थ्यांची. ही नुसती माहिती नाही. काही शाळा विश्वासाच्या जाहीरनाम्यावर सही मागतात, काही तुमच्या मंडळीचं पत्र मागतात, काहींना दोन्हीशी देणंघेणं नसतं. 'माझी साक्ष' म्हणून लिहिलेला निबंध हार्वर्डला जसाच्या तसा पाठवलात तर वाचणारा गोंधळेल, आणि हार्वर्डसाठी लिहिलेला कोरडा निबंध एखाद्या इव्हँजेलिकल सेमिनरीत 'याला पाचारण (देवाचं बोलावणं) आहे का?' या शंकेत अडकेल.

निबंधाबद्दल थोडं सविस्तर, कारण माणसं इथेच मार खातात. आपल्याकडचे निबंध जन्मापासून सुरू होतात: ख्रिस्ती घरात जन्म, संडे स्कूल, तारणाचा अनुभव, युवक संघाचा सेक्रेटरी. दोन पानांतलं दीड पान तिथेच संपतं. समिती शोधत असते एक प्रश्न, जो तुम्हाला छळतोय आणि जो या शाळेत बसूनच सोडवता येईल. समजा तुम्हाला दलित ईश्वरविज्ञानावर, म्हणजे दलितांच्या अनुभवातून केलेल्या थिऑलॉजीवर, काम करायचंय. मग अरविंद निर्मळांनी मांडणी केली एवढं म्हणून थांबू नका. त्या मांडणीतलं तुम्हाला काय पटत नाही, ते तपासायला या शाळेतला कोणता प्राध्यापक किंवा कोणतं ग्रंथालय लागेल, हे लिहा. प्राध्यापक निवृत्त तर झालेला नाही ना, तेवढं आधी बघा. गंमत नाही, असे अर्ज जातात.

शिफारसपत्रं सहसा तीन. एम.डिव्ह.ला बऱ्याच ठिकाणी एक पाळकाचं लागतं, पण एम.टी.एस.ला तिन्ही बिशपांची असली तर उपयोग शून्य. तुमचा पेपर ज्याने तपासलाय असा माणूस हवा. 'मुलगा नम्र व प्रार्थनाशील आहे' यापुढे न जाणारं पत्र सही कितीही मोठी असली तरी कामाचं नाही.

आता पैसा. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याला तिथलं सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. शाळा आय-२० हा व्हिसासाठी लागणारा कागद देते तो निदान पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च कुठून येणार हे दाखवल्यावर. त्या खर्चात फी, राहणं, जेवण, विमा सगळं धरतात. म्हणून 'फुल ट्युशन स्कॉलरशिप मिळाली' म्हणून पेढे वाटायच्या आधी राहण्याखाण्याचा आकडा बघा. कित्येकदा फीपेक्षा तोच जड जातो. पूर्ण मदत देणाऱ्या जागा आहेत, पण स्कॉलरशिपसाठीची मुदत बहुधा आधी संपते, डिसेंबर-जानेवारीच्या आसपास. वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात. म्हणजे तयारी आदल्या उन्हाळ्यात सुरू हवी. इंग्रजीच्या टोफेल परीक्षेचे गुण २ वर्षं चालतात, तेव्हा ती परीक्षा आधीच उरकून टाकायला हरकत नाही.

व्हिसा आणि कामाचं प्रतिसादांत लिहितो, टंकायचा कंटाळा आलाय.

---

उंबरठा

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

माझी पदवी तीन वर्षांची बी.ए. आहे. चालेल का? आणि ऑनलाइन एम.डिव्ह. देणाऱ्या एका कॉलेजची जाहिरात सारखी समोर येतेय, फी अगदीच कमी. विश्वास ठेवावा का?

---

शाईचा डाग

@उंबरठा, तीन वर्षांच्या पदवीचं उत्तर शाळागणिक बदलतं. काही जण सरळ घेतात, काही जण पदवीचं मूल्यमापन करून आणा म्हणतात. विचारल्याशिवाय सुटका नाही.

जाहिरातीचं म्हणाल तर दोन ठिकाणी नाव शोधा. एटीएसच्या सदस्य शाळांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. आणि अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परदेशी विद्यार्थी घ्यायला शाळेला सरकारी मान्यता लागते, तीही यादी 'स्टडी इन द स्टेट्स' या सरकारी साइटवर मिळते. दुसऱ्या यादीत नाव नसेल तर आय-२० मिळणारच नाही. पहिल्या यादीत नसेल तर पदवी पुढे कोण मानतो ते बघावं लागेल. नावात 'इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी' आणि 'बायबल' दोन्ही असले आणि तीन महिन्यांत डॉक्टरेट देत असले, तर काय ते समजा.

---

तिरकस

एवढा खटाटोप करून नोकरी काय लागते म्हणे? डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी होऊन परत मंडळीच्या कमिटीसमोर पगारवाढ मागायची, एवढंच ना?

---

मुक्काम पोस्ट

@तिरकस, खरं बोललात, पण अर्धंच. सेमिनरीत शिकवायचं तर पीएचडी आता जवळपास सक्तीचीच झालीय. पाळकांना त्याचा पैशात फायदा नाही हे मान्य.

जर्मनीचं लिहितो, कारण कोणी लिहीत नाही. तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी नगण्य असते हे सगळ्यांना माहीत असतं. पण थिऑलॉजीची दोन नावाजलेली ठिकाणं, ट्युबिंगन आणि हायडेलबर्ग, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतात, आणि तिथे २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट (आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं) दाखवायचं, ते वर्षाला ११,९०४ युरो. दरमहा त्यातले ९९२ काढता येतात. ट्युबिंगनला प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशी दोन वेगळी थिऑलॉजी फॅकल्टी आहेत, अर्ज कुठे करताय ते नीट बघा.

मुख्य अडचण भाषेची. इंग्रजीतून चालणारे थोडेच कोर्स आहेत, बाकी सगळं जर्मन. नुसतं बोलण्याइतकं जर्मन पुरत नाही, बुल्टमान या जर्मन थिऑलॉजियनची वाक्यं एका पूर्णविरामापर्यंत पोहोचेस्तोवर चहा गार होतो.

एकुमेनिकल (पंथांना जोडू पाहणाऱ्या) वळणाचं हवं असेल तर जिनिव्हाजवळचं बॉसे हे शिक्षणकेंद्र बघा. वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसचं आहे, १९४६ पासून, आणि जिनिव्हा विद्यापीठाशी जोडलेलं आहे. तिथे वेगवेगळ्या देशांतले, पंथांतले लोक एकाच छताखाली राहतात. ऑर्थोडॉक्स माणूस शेजारच्या खोलीत असण्यातून जे कळतं ते पुस्तकातून कळत नाही.

---

पांढरा खडू

कॅथलिकांसाठी भर. आमच्याकडे वाट वेगळी आहे. एस.टी.बी., मग एस.टी.एल., मग एस.टी.डी. (थिऑलॉजीतली बॅचलर, लायसेन्शिएट आणि डॉक्टरेट) या चर्चच्या अधिकृत पदव्या. पोपच्या अखत्यारीतल्या सेमिनरीत शिकवायचं तर निदान एस.टी.एल. लागतं, नुसत्या विद्यापीठीय एम.ए.ने काम भागत नाही. रोमचं ग्रेगोरियन विद्यापीठ (१५५१) सगळ्यांना माहीत आहे, पण तिथली शिकवण्याची मुख्य भाषा इटालियन. बेल्जियमच्या लुव्हेनला इंग्रजीतून करता येतं, म्हणून अनेक फादर आणि सिस्टर तिकडे जातात.

फादर-सिस्टरांच्या बाबतीत 'मला कुठे जायचंय' हा प्रश्न फारसा नसतोच, बिशप किंवा प्रोव्हिन्शियल (त्यांच्या संघाचे प्रांतप्रमुख) ठरवतात. सामान्य विश्वासू, विशेषतः बायका, आता मोठ्या संख्येने या अभ्यासाकडे वळताहेत. त्यांना पाठवणारं कोणी नसतं आणि खर्च स्वतःचा. त्यांनी लुव्हेनच्या विद्यापीठीय मास्टर्सकडे आधी बघावं असं माझं मत.

---

शाईचा डाग

व्हिसा आणि काम. लांबेल, पण हे नीट वाचा.

एफ-१ वर वर्ग चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, तेही कॅम्पसवरच. ग्रंथालय, जेवणघर, प्राध्यापकाचा सहायक. कॅम्पसबाहेर काम करायला स्वतंत्र परवानगी लागते. थिऑलॉजीवाल्यांचा घोळ नेमका इथे होतो, कारण आपल्याला चर्चमध्ये जाणं आणि काम करणं यातली रेघ दिसत नाही. रविवारी जवळच्या मंडळीने उपदेशाला बोलावलं, निघताना पाकीट हातात ठेवलं. आपल्या दृष्टीने ते दान, इमिग्रेशनच्या दृष्टीने विनापरवाना नोकरी ठरू शकते. पाकीट घ्यायच्या आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. विचारायला लाज वाटते म्हणून न विचारणारे पुष्कळ आहेत.

एम.डिव्ह.मधली सक्तीची फील्ड एज्युकेशन (प्रत्यक्ष सेवेचे तास) मात्र सीपीटी या, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीखाली रीतसर करता येते. ही परवानगी कामाला लागायच्या आधी आय-२० वर यायला हवी. सीपीटीवर १२ महिने किंवा जास्त पूर्णवेळ काम झालं की पदवीनंतरची ओपीटी (आपल्या विषयात काम करायची मुभा) हातची जाते. आणि ती ओपीटी आपल्याला १२ महिन्यांचीच. इंजिनिअर मंडळींना मिळते ती वाढीव २४ महिने थिऑलॉजीला नाहीत. त्यानंतर तिथेच पाळक म्हणून राहायचं तर आर-१ व्हिसा असतो, त्याला अर्जाआधी निदान २ वर्षं त्या पंथाचे सभासद असावं लागतं आणि तो जास्तीत जास्त ५ वर्षांचा.

मुलाखत. अधिकारी एका गोष्टीवर अडतो: हा परत जाईल का? कायद्यानेच त्याने धरून चालायचं असतं की तुम्ही तिथे स्थायिक व्हायला निघालात, आणि तसं नाही हे तुम्ही पटवायचं. 'देवाची जशी इच्छा' हे उत्तर प्रार्थनासभेत ठीक. खिडकीवर सांगायचं: परत जाऊन या सेमिनरीत हा विषय शिकवणार, हे त्यांचं पत्र. पत्र नसेल तर निदान योजना ठोस हवी. २०२५ पासून विद्यार्थी व्हिसावाल्यांना सोशल मीडियाची खाती पब्लिक ठेवायला सांगतात, हेही लक्षात असू द्या. सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) फी ३५० डॉलर, ती व्हिसाच्या फीपेक्षा वेगळी. वर्ग सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी देशात शिरता येत नाही, तिकीट त्या हिशोबाने काढा.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी एक नियम पाठ करावा: दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी. मधे एक दिवस जरी खाली गेली तरी अर्ज फेटाळू शकतात. एडिनबराचं न्यू कॉलेज मनात असेल तर मामा-काकांकडून आदल्या दिवशी पैसे वळते करून चालणार नाही.

---

चष्मिस

अर्ज-व्हिसाचं सगळे सांगतात, तिथे गेल्यावरचं कोणी सांगत नाही, म्हणून लिहितेय.

जुन्या कराराचा पहिलाच मोठा वर्ग. सरांनी उत्पत्ति ६ ते ९ या अध्यायांच्या प्रती वाटल्या आणि प्रत्येकाला दोन रंगांच्या पेन्सिली. म्हणाले, जलप्रलयाची गोष्ट वाचा आणि जिथे खटकेल तिथे रंग बदला. सहाव्या अध्यायात नोहाने प्रत्येक जातीची एक जोडी घ्यायची, सातव्यात शुद्ध पशूंच्या सात जोड्या. एकीकडे पाऊस चाळीस दिवस, दुसरीकडे पाण्याचा जोर दीडशे दिवस. कधी 'देव', कधी 'परमेश्वर'. पंधरा-वीस मिनिटांत पानावर दोन रंगांचे पट्टे पडले, आणि रंगवलेले ते आम्हीच, सर फक्त खिडकीपाशी उभे होते. पंचग्रंथ (बायबलची पहिली पाच पुस्तकं) मोशेने लिहिला असं लहानपणापासून ऐकलेल्या मुलीचं काय झालं असेल ते समजून घ्या. माझ्या शेजारच्या मुलाने पेन्सिल खाली ठेवली आणि न रंगवताच कागद परत दिला.

पंचग्रंथ वेगवेगळ्या लिखाणांतून गुंफलेला आहे हे म्हणणं जर्मन अभ्यासक वेलहाउझेनच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून चाललेलं आहे आणि आज त्याच्या मांडणीवरही पुष्कळ वाद आहेत. पण पहिल्यांदा समोर येतं तेव्हा पायाखालची जमीन सरकते. घरी फोनवर सांगायची सोय नसते, 'तुला यासाठी पाठवलं का' हे ऐकावं लागतं. माझा सल्ला: कॅम्पसवरच्या चॅपलमध्ये जात राहा आणि वरच्या वर्षाचा एखादा विद्यार्थी गाठा, ज्याचा विश्वासही शाबूत आहे आणि डोकंही. असे असतात. उलट दोन टोकं टाळा. एक, सगळं फेकून देऊन दुसऱ्या महिन्यात बंडखोर होणारे. दुसरे, परीक्षेत सरांना हवं ते लिहून मनाचं दार लावून घेणारे. दुसऱ्यांची संख्या आपल्या लोकांत जास्त आहे, आणि तीन वर्षं राहून ते काहीही न शिकता परत येतात.

हिब्रू-ग्रीक शक्य असेल तर वर्ग सुरू होण्याआधीच्या उन्हाळी कोर्सला उरकून घ्या, मात्र त्या दिवसांत दुसरं काही करायचं नाही. अवांतर: शाळेत संस्कृत घेतलं असेल तर ग्रीकमध्ये फायदा होतो. मिडल व्हॉइस म्हटलं की अमेरिकन मुलं कपाळाला हात लावतात, आपल्याला आत्मनेपद आठवतं. हिब्रूला असा कुठलाच आधार नाही, तिथे सगळे सारखेच रडतात.

---

जुनं खोड

@चष्मिस ताई, लेकराबाळांना घाबरवू नका. मोशेने लिहिला नाही म्हणून देवाने प्रेरणा दिली नाही असं थोडंच होतं? आमच्या पिढीतही हे शिकवायचे. आम्ही शिकलो, चाळीस वर्षं उपदेश केले, मंडळी जागेवर आहे.

---

चष्मिस

घाबरवत नाहीये काका, आधी कल्पना असावी एवढंच. तुम्ही शिकलात ते उपदेशात कधी आणलंत का, हा वेगळा धागा होईल :)

---

रानफूल

सीपीईबद्दल कोणी लिहिलं नाही. क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे हॉस्पिटलमध्ये चॅप्लन (रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारा) म्हणून प्रशिक्षण. एका युनिटला ४०० तास. बऱ्याच पंथांत पाळकपदाच्या दीक्षेसाठी सक्तीचं. परदेशी विद्यार्थ्याला यालाही सीपीटी लागते.

यात 'व्हर्बेटिम' नावाचा प्रकार असतो. रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून नाटकाच्या संहितेसारखं लिहायचं: चॅ-१ (चॅप्लन), पे-१ (पेशंट), चॅ-२, पे-२. मधल्या गप्पपणासकट. मग तो कागद गटात वाचतात आणि सोलून काढतात. मी एका म्हाताऱ्या बाईंजवळ बसले होते. त्या म्हणाल्या, "माझा मुलगा येत नाही." मी लगेच म्हणाले, "आपण प्रार्थना करूया का?" गटातल्या एकीने शांतपणे विचारलं, "प्रार्थना कोणाला हवी होती, त्यांना की तुला?" कान गरम झाले. पण पुढच्या वेळी दुःख ऐकल्या ऐकल्या स्तोत्र २३ काढलं नाही. आपल्याकडे पाळकाने बोलायचं आणि लोकांनी ऐकायचं अशी सवय असते, ती मोडायला सीपीईइतकं दुसरं काही उपयोगी पडलं नाही.

आणखी एक. सेमिनारमध्ये गप्प बसणं हा तिकडे आदर नाही. 'काही वाचून आला नाही' असा अर्थ काढतात. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायला सांगतात, ते जमलं नाही तरी चालतं, मी शेवटपर्यंत 'प्रोफेसर'च म्हणत राहिले. पण तोंड उघडलं पाहिजे. आणि उघडलंत की दर वेळी 'तुमच्या देशात याकडे कसं बघतात?' असा प्रश्न येतो. पहिल्या सत्रात बरं वाटतं. नंतर सांगायचं की मलाही ऑगस्टीनवर मत आहे.

---

अर्धविराम

मी ख्रिस्ती नाही. बौद्ध आहे, धर्माच्या अभ्यासात आणि चॅप्लन्सीत रस आहे. माझ्यासाठी यात काही आहे की उगाच धागा वाचला?

---

शाईचा डाग

@अर्धविराम, आहे की. हार्वर्ड डिव्हिनिटीत बौद्ध विद्यार्थी एम.डिव्ह. करतात, २०११ पासून तिथे बौद्ध सेवाकार्यासाठी खास उपक्रम आहे. बर्कलीला ग्रॅज्युएट थिऑलॉजिकल युनियन (१९६२) हा अनेक शाळांचा संघ आहे, त्यांच्या वर्तुळात इन्स्टिट्यूट ऑफ बुद्धिस्ट स्टडीज आहे आणि धर्म स्टडीजचं (भारतीय धर्मपरंपरांच्या अभ्यासाचं) केंद्रही. हार्टफर्ड सेमिनरी तर आंतरधर्मीय कामामुळे २०२१ साली नावच बदलून हार्टफर्ड इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी फॉर रिलिजन अँड पीस झाली. सीपीईलाही ख्रिस्ती असण्याची अट नाही. निबंधात मात्र 'मला सगळे धर्म सारखेच वाटतात' असं लिहू नका, त्याने कोणाचंच समाधान होत नाही. तुम्ही बौद्ध आहात तर बौद्ध म्हणूनच लिहा.

---

उंबरठा

शेवटचा प्रश्न. लग्न झालंय, एक मुलगी आहे. बायको परिचारिका. तिला तिथे काम करता येईल का?

---

शाईचा डाग

एफ-२ वर (एफ-१ वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) नाही. पगारी काम अजिबात नाही, आणि तिला शिकायचं असेल तर पूर्णवेळ पदवीही एफ-२ वर करता येत नाही. मुलगी शाळेत जाऊ शकते. शाळेने जे-१ (एक्स्चेंज व्हिसा) देऊ केला तर त्याच्या जोडीच्या जे-२ वर जोडीदाराला वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो. म्हणून प्रवेश मिळाल्यावर, आय-२० काढायच्या आधी, जे-१ चा पर्याय आहे का हे विचारून घ्या. जे-१ मध्ये काहींना नंतर २ वर्षं मायदेशी राहायची अट लागते, तीही त्याच ईमेलमध्ये विचारा. आय-२० वर दाखवायची रक्कम कुटुंबासाठी वाढते, तो आकडा शाळेच्या साइटवर वेगळा दिलेला असतो. आणि बायकोला हा धागा आधी वाचायला द्या, तिचं मत काय ते लिहा, मग पुढचं बोलू.